मानस

कुंभारजुव्यात बांधातल्या दाराला मानस म्हणतात.
भरतीचं खारं पाणी बाहेर अडवायचं,
शेतातलं ओहोटीला सोडून द्यायचं,
एवढंच त्याचं काम.
मी चौथीला मराठी शिकवतो. शब्दकोशात
मानस म्हणजे मन.
हे फळ्यावर लिहून दिलं त्याच दिवशी
दुर्वा, मिंगेल आणि धाकटा गोकुळ
मधल्या सुट्टीनंतर परतले नाहीत.

सापडले खारफुटीमागे, गुडघाभर चिखलात.
वीतभर उंचीचा बांध,
आत दोन पाटांएवढं शेत,
शेतात कोरगुटाची सात रोपं,
कुणाच्या तरव्यातून उचललेली, विचारलं नाही मी.
बांधाच्या पोटात कौलांचे तुकडे उभे करून चौकट,
आणि दार म्हणजे
मिंगेलच्या बापायच्या स्लिपरचा निळा तळ,
टाचेकडे झिजलेला.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं,
पण भरती चढत होती.
दार आत उघडलं, पाहुण्यासाठी उघडतं तसं,
आणि खारं पाणी शेतात येऊन बसलं.
कुणी ओरडलं नाही.
"आलं," गोकुळ म्हणाला.
संध्याकाळी नदी उतरली तेव्हा
तेच दार आतल्या पाण्यानं मिटलं,
आलेलं पाणी आतच राहिलं.
चौथ्या दिवशी रोपांची टोकं पिवळी.

मी शिक्षक. मला राहवलं नाही.
म्हटलं, "दार हलतंय म्हणून पाणी शिरतंय. खिळा ठोका."
ठोकला त्यांनी. मोठ्यांचं ऐकायची सवय.
खारं पाणी थांबलं खरं,
पण रात्री पाऊस कोसळला, त्याला जायला वाट नव्हती.
सकाळी बांध मधोमध फुटलेला
आणि त्या भगदाडातून एक कुर्ली
नांगी उचलून माझ्याकडे बघत होती.

दुर्वानं दगडानं ठोकून ठोकून खिळा उपसला
आणि माझ्या हातात दिला,
उसना घेतलेला परत करावा तसा.
मग ती कितीतरी वेळ बसून राहिली.
आधी बांधाच्या आतल्या अंगाला, भात होऊन;
मग नदीच्या अंगाला, पाणी होऊन.
हे मी नंतर रचलेलं. खरं तर
ती नुसती उकिडवी बसली होती
आणि कोपरानं नाक पुसत होती.

उठून तिनं स्लिपर चौकटीच्या बाहेरून टांगली.
वरच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
मिंगेल पट्टी ताणून बांधत होता, त्याला म्हणाली,
"घट्ट नको. पाण्याला ढकलता आलं पाहिजे."
"कुठल्या पाण्याला?" गोकुळनं विचारलं.
"दोन्ही."

माझ्याकडे या वाक्यासाठी धडा नाही.
स्वाध्याय नाही, रिकाम्या जागा भरा नाही.
त्या आठवड्यात मी विशेषणं शिकवली,
घट्ट, सैल, खारट,
आणि तिघं मागच्या बाकावर
नखांतला चिखल काढत बसले होते.

पुनवेची भरती रात्री साडेअकराला.
मला झोप येईना. शर्ट अडकवला, टॉर्च घेतला,
आणि बांधावर पोचल्यावर तो लावला नाही.
नदी काळी, फुगलेली, एकेक बोट वर येत होती.
कानांनीच पाहिलं मी:
चप्.
झोपेतल्या माणसाचे ओठ मिटावेत तसं
दार मिटलं. कुणाचा हात नाही, कुणाची हाक नाही.
तिघंही आपापल्या घरी गाढ झोपलेले.

पलीकडे आणखी एक उजेड हलत होता.
मिंगेलचा बापाय. एक पाय अनवाणी.
मला वाटलं, स्लिपर न्यायला आला.
"धरतंय का बघायला आलो, सर," तो म्हणाला,
आणि कौलांपाशी वाकला.
मीही वाकलो.
आत चार रोपं उभी होती.
त्यानं मोजली, मग मी मोजली.
खिशात तो खिळा होता, वाकताना मांडीला टोचला.